बांधाखालची लाईन

माझी बायको शालन गेल्याचं माझ्याआधी पुण्यात आमच्या मोनालीला कळलं. मी घरापासून हाकेच्या अंतरावर होतो आणि मला माहीत नव्हतं.

सकाळची वेळ होती. मी डाळिंबाच्या बागेत फांद्या छाटत होतो. रतन बांधावर येऊन उभी राहिली. रतन म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, बाजीरावची बायको. आमच्यात बायका थोरल्या दिराशी समोर बघून बोलत नाहीत. एका वस्तीवर, शेजारी शेजारी घरं, तरी इतक्या वर्षांत रतन आणि मी सरळ असं कधी बोललो नव्हतो. तिला मला काही सांगायचं असलं की ती शालनला सांगायची आणि शालन मला सांगायची. माझंही तसंच. म्हणून ती एकटी बांधावर आलेली बघून मला नवल वाटलं.

“घरी चला,” ती डाळिंबाच्या झाडाकडं बघत म्हणाली.

“का? काय झालं?”

“चला तुम्ही.”

“गाय व्यायली का?”

तिनं पदर तोंडाला लावला, वळली आणि चालायला लागली.

गाय दिवस भरलेली होती. म्हणून मी आधी गोठ्यात गेलो. गाय उभी होती, रवंथ करत होती. मी तिच्या मागं जाऊन बघितलं, पोटाला हात लावून बघितलं. काहीच नव्हतं. मला रतनचा जरा रागच आला. छाटणी अर्धी टाकून आलो होतो.

मग मी स्वयंपाकघरात गेलो. पिठाच्या डब्याला टेकवून शालनचा फोन उभा ठेवला होता आणि त्यात मोनालीचं तोंड दिसत होतं. ती रडत होती.

“आप्पा, कुठं होता तुम्ही?”

“बागेत. काय झालं तुला?”

“आप्पा, आई गेली.”

“कुठं गेली?” मी म्हणालो.

मी फोनकडं बघत होतो आणि शालन माझ्या पायाशी होती. वाकळेवर निजवलेली, अंगावर लुगडं पांघरलेलं. चुलीवरचा तवा अजून गरम होता. भाकरी थापता थापता ती बाजूला कलली, एवढंच रतनला सांगता आलं. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं.

आमची वस्ती लोणदरा गावाच्या खाली, डोंगराच्या कुशीत खोलगट जागी आहे. तिथं मोबाईलला रेंज नाही. पूर्वी फोन करायचा तर टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जावं लागायचं. दोन-तीन वर्षांमागं पंचायतीपासून जमिनीतून नेटची लाईन आली, भिंतीवर डबा बसला आणि घरात बसून फोन लागायला लागला. रतननं त्याच लाईनीवरून मोनालीला फोन केला होता. मला सांगायचं तिला जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. आमच्याकडं आता राख नदीत सोडत नाहीत. नदीला पाणीच नसतं. शेतात खड्डा काढतात, राख त्यात घालतात आणि वर झाड लावतात. मोनालीनं येताना जांभळाचं रोप आणलं होतं.

जागा कुठली, यावर चर्चा झाली. विहिरीजवळ म्हटलं तर खाली पाईप. घरापुढं म्हटलं तर खडक. बाजीराव पहार घेऊन बांधाबांधानं फिरला. आमचा बांध सगळा मुरमाचा. पहार मारली की खण्ण आवाज यायचा आणि त्याच्या हाताला झिणझिण्या यायच्या. पूर्वेच्या बांधाच्या मध्यावर मात्र पहार एकदम आत गेली.

बाजीरावनं पहार काढली, जरा पुढं मारली. मुरूम लागला. परत त्याच जागी मारली. पहार आत.

“दादा,” तो म्हणाला, “हितं बघ. वहिनीला हीच जागा पसंत पडलीय.”

जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. पिंडाला कावळा शिवला की माणसांना जसं बरं वाटतं, तसं सगळ्यांना वाटलं. मोनाली रडायला लागली. मलाही ते खरं वाटलं. रतन बायकांच्या मागं उभी होती. ती तेवढी खाली बघत होती.

बाजीरावनं खड्डा घेतला. मी राखेचं गाडगं हातात धरून बसलो होतो. खड्ड्याकडं माझं लक्ष नव्हतं. मग राख घातली, रोप ठेवलं, माती लोटली, पाणी घातलं.

दहावा झाला, तेरावा झाला. पाहुणे गेले. मोनाली राहिली.

मोनालीचं नवऱ्याशी पटलं नव्हतं. पुण्यात ती एका खोलीत एकटी राहायची आणि विम्याच्या कंपनीत काम करायची. सगळं काम कॉम्प्युटरवर. तेराव्यानंतर ती मला म्हणाली, “आप्पा, मी इथंच राहते. काम इथून करता येईल. साहेबांना विचारलंय.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, लाईन चांगली असेल तर राहा. सोमवारी सकाळी कामावर बसायचं. लाईन नसेल तर ऑफिसला यायचं.”

“लाईन तर चांगली आहे आपली,” मी म्हणालो.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. घरात रिकामं काय काय झालं होतं ते मी अजून मोजलंही नव्हतं. पण संध्याकाळी दिवा लावायला कुणीतरी असणार, आणि ती मोनाली असणार, एवढं मला कळलं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉम्प्युटर उघडला. भिंतीवरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता. हिरवा लागायचा तिथं काहीच नव्हतं.

“आप्पा, हा कधीपासून लाल आहे?”

मला माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत मी त्या डब्याकडं बघितलंच नव्हतं. मोनालीचा फोनही पाहुण्यांच्या गडबडीत पिशवीतच होता, आणि लागलाच तर ती टाकीवर जाऊन बोलायची. तिला वाटलं होतं, घरात माणसं फार, म्हणून नेट चालत नसेल.

वस्तीवर आमची पाच-सहा घरं. मी विचारत गेलो. सगळ्यांचा लाल दिवा.

“कधीपासून?”

“झालं की लय दिवस. तिसऱ्यापासनं असंल,” एक जण म्हणाला.

“तिसऱ्याला चालू होतं. माझ्या पोरानं क्रिकेट बघितलं. पाचव्यापासनं बंद हाय,” त्याची बायको म्हणाली.

“पोरगं कालचं क्रिकेट आज बघतंय. तुला काय कळतंय त्यातलं?”

“मग मला सांगितलं का नाही?” मी म्हणालो.

त्यावर ती म्हणाली, “दुखवट्याच्या घरात जाऊन नेटचं कसं विचारायचं?”

लाईनीची तक्रार करायची तर तीही फोनवरूनच. मोनाली टाकीवर गेली आणि तक्रार करून आली. शुक्रवारी सादिक आला. सादिक मुलाणी लाईनचं काम बघायचा. तरणा, बारीक, मोटारसायकलला मागं पेटी बांधलेली. त्यानं आधी येऊन माझ्यासमोर हात जोडले.

“काकी गेल्या, मला कळलंच नाही. दर वेळी जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत.”

“तू तिला ओळखत होतास?”

“केबल टाकली तेव्हा मी नव्हतो. मी दुरुस्तीला येतो ना. दोन-तीनदा डबा खराब झाला होता, तेव्हा आलो होतो.”

तो पंचायतीत गेला, तिथल्या पेटीला मशीन लावलं आणि परत आला. त्याच्या फोनमध्ये नकाशा होता. नकाशात केबल रस्त्याच्या कडेनं वस्तीपर्यंत आली होती. केबल किती लांबीवर तुटलीय ते मशीननं सांगितलं होतं, ते अंतर त्यानं रस्त्यानं मोजलं. ते मोरीच्या अलीकडं, बाजीरावच्या शेडसमोर आलं.

“इथं तुटलीय,” सादिक म्हणाला. “खोदायला लागेल.”

बाजीराव शेडच्या दारात उभा होता. “हितं कशाला तुटंल? हितं कुणी कुदळ मारली न्हाय.”

“मशीन दाखवतंय, काका.”

“तुझं मशीन जेवलंय का आज?”

सादिक हसला. आम्ही खोदलं. गुडघ्याएवढं खोदलं, कमरेएवढं खोदलं. मुरूम, दगड, आणि एक जुनी चप्पल निघाली. केबल निघाली नाही.

“पलीकडच्या बाजूनं गेली असंल,” बाजीराव म्हणाला. तो त्या दिवशी फार बोलत होता आणि मला त्याचं कारण कळत नव्हतं.

पलीकडं खोदलं. तिकडंही नाही. तुटलेली सोडा, चांगली केबलसुद्धा नाही. सादिक टाकीवर जाऊन ऑफिसला फोन करून आला.

“काय म्हणाले?”

“साहेब म्हणतात, केबल तिथंच आहे. नकाशात आहे.”

“मग साहेबाला म्हणावं, नकाशातच जोड,” बाजीराव म्हणाला.

सादिक खड्ड्याच्या कडेला बसला. “काका,” तो मला म्हणाला, “केबल टाकली तेव्हा तुम्ही बघितली असेल की. कुठून आणली त्यांनी?”

मी बघितली नव्हती. केबल टाकली तेव्हा मी मिरजेला दवाखान्यात होतो. मूतखड्याचं ऑपरेशन झालं, मग ते चिघळलं, महिनाभर तिथंच. बाजीराव येऊन-जाऊन असायचा. मी घरी आलो तर भिंतीवर डबा होता आणि त्यात हिरवा दिवा होता. मी शालनला विचारलं, ही लाईन कशी आली? ती म्हणाली, “आली. चहा घ्या.” मी चहा घेतला. नंतर कधी विचारलं नाही.

“बाजीराव, तू होतास की वस्तीवर,” मी म्हणालो.

“मी तुझ्याकडं मिरजंला होतो.”

“रोज नव्हतास.”

“माझं ध्यान न्हवतं,” तो म्हणाला आणि शेडमध्ये गेला.

शनिवारी सादिक परत आला. आम्ही मोरीच्या पुढं खोदलं, मागं खोदलं. रस्त्याच्या कडेला सगळे खड्डे झाले. येणारा-जाणारा विचारायचा, पाईपलाईन का? मी सांगायचो, नेट. माणसं खड्ड्यात डोकावून बघायची, जसं काही ते आत दिसणार होतं.

दुपारी सादिकनं पेटी बांधली. “काका, मी नवीन केबलसाठी वर लिहितो. मंजूर व्हायला वेळ लागेल.”

“किती?”

“सांगता येत नाही. शेजारच्या गावाला गेल्या उन्हाळ्यात लिहिलंय.”

मी घरी आलो. मोनाली बॅगेत कपडे घालत होती.

“उद्याची एसटी सकाळची आहे ना?” तिनं विचारलं.

“सकाळची आहे.”

“मी आले असते परत. पण साहेब रोज रोज सोडणार नाहीत, आप्पा.”

“नाही, बरोबर आहे.”

“तुम्ही चला माझ्याबरोबर.”

“गाय आहे,” मी म्हणालो. गाय आता व्यायली होती. वासरू लहान होतं. बागेला पाणी होतं. हे सगळं खरं होतं, पण त्यातलं कुठलं मी कुणाला सांगत होतो ते मला कळत नव्हतं. मी ओट्यावर येऊन बसलो.

सादिक मोटारसायकलला किक मारत होता. बाजीराव त्याच्याशी बोलत उभा होता. तेवढ्यात रतन आली. पदर डोक्यावर होता. ती अंगणात थांबली. मला वाटलं, तिला मोनालीला काही सांगायचं असेल, म्हणून मी हाक मारली, “मोनाली, चुलती आलीय.”

“मोनालीकडं न्हाय आले,” रतन म्हणाली. “भावजी, लाईन रस्त्यानं न्हाय.”

ती माझ्याकडं बघून बोलत होती. मी उठून उभा राहिलो. का उठलो ते मला माहीत नाही.

“गप बस तू,” बाजीराव म्हणाला.

“गप्पच बसले हुते. तुम्ही सांगता का? सांगा.”

मोनाली दारात आली. सादिकनं गाडी बंद केली.

“लाईन रस्त्यानंच यायची हुती,” रतन म्हणाली. “आमच्या शेडम्होरं आली आन् ह्यांनी अडवली. शेड रस्त्यात पुढं आलंय. ह्यांना वाटलं, आज केबल टाकत्याल, उद्या शेड मोजत्याल. ठेकेदाराला म्हणाले, हितं कुदळ मारली तर पाय तोडीन.”

“तसं म्हटलं न्हवतं,” बाजीराव म्हणाला.

“तसंच म्हटलं. मग ठेकेदार गाशा गुंडाळाय लागला. वस्तीला लाईन न्हाय म्हणाला. तवा शालनअक्का तिथं गेल्या. म्हणाल्या, माझ्या बांधानं न्या. ठेकेदार म्हणाला, लांब पडतंय, मुरूम लागतोय. अक्कांनी माणसांना भाकरी घातल्या चार दिवस. स्वतः बांधावर हुभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, कसंबी करून लाईन घरात आली पायजे. पोरगी तिकडं एकटी हाय. ती जेवली का न्हाय, ते मला तिच्या तोंडावर दिसलं पायजे. फोनवर नुसतं विचारलं तर ती जेवले म्हणूनच सांगती.”

मोनाली चौकटीला धरून उभी होती.

“मला का सांगितलं नाही तिनं?” मी म्हणालो.

“तुमी दवाखान्यात. आल्यावर कळलं असतं तर दोघं भाऊ भांडला असता, म्हणून अक्कांनी वस्तीलाबी गप राहाय सांगितलं. अक्का म्हणाल्या, आल्यावर इचारतील, तवा च्या दीन.”

मला हसू आलं का रडू, ते अजून ठरवता आलेलं नाही. बाजीराव जमिनीकडं बघत होता.

“कुठल्या बांधानं?” सादिकनं विचारलं.

“उगवतीच्या,” रतन म्हणाली.

आम्ही सगळे पूर्वेच्या बांधाकडं गेलो. सादिक अंतर मोजत पुढं. पंचायतीकडून रस्त्यानं वळणापर्यंत, वळणावरून आमच्या बांधाला, आणि बांधानं वस्तीकडं. तो चालत होता, खाली बघत होता, आणि जांभळाच्या रोपापाशी थांबला. त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं पायानं जमिनीवर रेघ ओढली.

“इथं. अर्धा हात मागंपुढं. हे रोप काढायला लागेल.”

त्यानं आमच्या तोंडाकडं बघितलं.

“काय झालं?”

“काकी हायत तिथं,” बाजीराव म्हणाला.

सादिक दोन पावलं मागं सरला. त्यानं पायातले बूट काढले.

बाजीराव मटकन बांधावर बसला. “दादा, खड्डा घेताना एक काळी नळी लागली हुती. लाईन कुठल्या बांधानं न्हेली ते मी बघितलंच न्हवतं, मला वाटलं, ठिबकची जुनी नळी. आपल्या रानात सगळीकडं पडल्यात की. कुदळीनं तोडली आन् माती वर वढली. मऊ लागली म्हणून म्हटलं, वहिनीला पसंत पडली…”

माती मऊ का होती ते तेव्हा मला कळलं. ती आधी एकदा उकरलेली होती. शालननंच उकरून घेतली होती.

“तुला माहीत होतं,” मी रतनला म्हणालो.

“जागा धरली तवाच माहीत हुतं. कुणाला सांगू? अक्का न्हवत्या.”

सादिक हळू म्हणाला, “काका, दुसरं पण करता येईल. हे ठिकाण सोडून वळसा घालून नवीन केबल टाकायची. पण ती मंजूर व्हायला पाहिजे. माझ्याकडं तेवढी केबल नाही. इथं उकरलं तर आत्ता जोडतो. तुम्ही ठरवा. मी त्या जागेला हात लावणार नाही.”

“उकरायचं न्हाय,” बाजीराव म्हणाला. “एकदा घातली म्हंजे घातली. वहिनीला परत उकरून काढायची का? लोक काय म्हणतील?”

“आप्पा, नको,” मोनाली म्हणाली. “मी जाते. सणाला येत जाईन. नवीन केबल येईल तेव्हा बघू.”

सगळे माझ्याकडं बघत होते. मी शालनकडं बघायचो अशा वेळी. कुणाच्या लग्नाला जायचं, कुणाला बोलवायचं, गाय विकायची का ठेवायची, मी आधी तिच्या तोंडाकडं बघायचो आणि मग बोलायचो. आता मी जांभळाच्या रोपाकडं बघत होतो. त्याला दोन नवीन पानं आली होती. त्यावरून काय समजायचं ते मला कळेना. तिला इथंच राहायचं होतं असं समजायचं, का लाईन चालू राहिली पाहिजे असं समजायचं? दोन्ही तिचंच होतं.

“किती खोल आहे?” मी सादिकला विचारलं.

“जास्त नसणार. रोपाच्या मुळापाशीच.”

मी खाली बसलो आणि हातानं माती काढायला लागलो. बाजीराव “दादा, दादा” म्हणाला. मोनाली रडत माझ्या समोर बसली. थोड्या वेळानं तीही माती काढायला लागली.

मला वाटलं होतं, राख वेगळी दिसेल. मी जपून ती बाजूला करीन, केबल जोडून झाली की परत तिथंच ठेवीन. पण पाणी रोज घातलेलं होतं. राख कुठं संपते आणि माती कुठं सुरू होते, काही कळेना. थोडी पांढरट माती दिसायची. हातात घेतली की ती नुसती माती असायची. मी ओंजळीनं काढत होतो आणि यातली शालन कुठली, ते मला ओळखता येत नव्हतं.

“कशात घालायची?” मोनालीनं विचारलं.

रतन घरी गेली आणि शालनचं एक लुगडं घेऊन आली. तिनं ते बांधावर पसरलं. आम्ही माती त्यावर घातली. ती बरीच झाली. एका लुगड्यात मावेना, मग रतन दुसरं घेऊन आली. रोप मुळासकट निघालं. त्याच्या खाली काळी केबल होती, कुदळीच्या घावानं तुटलेली. दोन्ही टोकं एकमेकांपासून वीतभर लांब.

सादिकनं मधे घालायला पेटीतला केबलचा तुकडा काढला आणि टोकं सोलली. आत केसाएवढ्या तारा होत्या, काचेच्या. त्यानं एकेक तार पुसून मशीनमध्ये धरली. मशीन बारीक आवाज करायचं आणि तार जोडलेली दिसायची. तो एकेक जोडत होता आणि आम्ही चौघं त्याच्याभोवती उभे होतो, जसं अंत्यविधीला उभं राहतात तसं. मध्येच वस्तीकडून कुणीतरी पोरगं ओरडलं, “आलं, आलं! हिरवं झालं!” आणि लगेच कुणीतरी त्याला दटावलं.

सादिकनं जोडावर काळी पेटी बसवली, केबलचं एक वेटोळं ठेवलं.

“काका,” तो म्हणाला, “यावर झाड लावता येणार नाही. मुळ्या पेटीत शिरतात. नुसती माती लोटा. वर एखादी फरशी ठेवा, म्हणजे परत कुणी कुदळ मारणार नाही.”

“आणि ही माती?” मी विचारलं.

“ती घाला की परत.”

“झाडाशिवाय?”

मोनाली म्हणाली, “दुसरीकडं खड्डा घेऊ, आप्पा. रोप पण तिथं लावू, आईला पण तिथं.” तेव्हा ते बरोबर वाटलं. खड्ड्यात बाजूचा मुरूम भरला, वर फरशी ठेवली. लुगड्यांची गाठोडी घरात आणली.

सोमवारी सकाळी मोनाली आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली. मी दाराबाहेर बसलो होतो. आतून तिचा आवाज आला, “हो सर, आवाज येतोय. नाही सर, मी गावी आहे.” मी उठलो आणि गायीला वैरण टाकायला गेलो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मोनाली इथंच आहे. लाईन मधून मधून जाते, सादिक येतो, जोडून देतो, जेवून जातो. ऑफिसच्या नकाशात केबल अजून रस्त्यानंच आहे. सादिकनं दोनदा लिहिलं, पण कुणी बदललं नाही. बाजीरावनं शेड मागं घेतलं नाही. रतन आता माझ्याशी समोर बघून बोलते, आणि कधी कधी भांडतेसुद्धा.

जांभळाचं रोप आम्ही विहिरीच्या वरच्या बाजूला लावलं; ते धरलं की माती तिथं घालायची, असं ठरलं होतं. ते जगलं नाही. दुसरं आणू म्हणालो, ते आणलंही. पण माती कुठं घालायची, यावर आमचं एकमत होत नाही. मोनाली म्हणते बागेत. बाजीराव म्हणतो, परत तिथंच, फरशीच्या बाजूला. मी पहार घेऊन दोन-तीन वेळा रानात फिरलो. मुरूम लागला की वाटतं, तिला इथं नको आहे. मऊ लागलं की भीती वाटते, खाली काय असेल.

दोन्ही गाठोडी आतल्या खोलीत, फडताळाच्या खालच्या फळीवर आहेत. शालनची माती अजून जमिनीत घालायची राहिली आहे.